रिकामा खण

प्रोग्रामची चावी सयाजीमामांच्या करदोट्याला बांधलेली असायची. करंगळीएवढीसुद्धा नाही, पण ती पॅनेलला लावल्याशिवाय लोखंडाला भोकं पाडणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनमधला एक आकडा बदलता येत नाही. मामा सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन कुंडलला आले आणि तिथून रोज मोटरसायकलवरून कुपवाडला, आमच्या कारखान्यात येऊ लागले. दिवाळीनंतर तेही सोडणार होते. मग चावी कुणाकडं जाणार, ते मालकीणबाई राजेश्वरीताई दसऱ्याला सांगणार होत्या. एक तर माझ्याकडं, नाही तर पुण्याहून आणायच्या कुणा माणसाकडं. मनातल्या मनात मी ती कधीच घेऊन टाकली होती. माझ्या मशीनला पुण्याचा माणूस हात लावणार, या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

मी उत्कर्षा. जत तालुक्यातली, मेंढरांमागं वाढलेली. मशीन चालवायला मी लवकर शिकले, पण मॅक्रो शिकवा म्हणून मामांच्या मागं लागले तेव्हा त्यांनी मला बरेच दिवस टांगून ठेवलं. साध्या प्रोग्राममध्ये प्रत्येक भोकाची जागा आकड्यांत लिहावी लागते. मॅक्रोमध्ये आकड्यांऐवजी खण असतात. खणात उंची भरायची, भोकं किती ते भरायचं, हिशोब मशीन करतं. जॉब, म्हणजे मशीनवर बांधायचा तुकडा, लहान येवो की मोठा, मॅक्रो तोच. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

"खणावर इस्वास ठिवायचा न्हाई, पोरी," मामा म्हणायचे. "आत काय हाय ते बघायचं, मग बटन दाबायचं."

"किती वेळा बघायचं, मामा? माझाच खण, मीच भरलाय."

"म्हनून तर बघायचं."

मला राग यायचा. म्हाताऱ्या माणसांना पोरींवर भरवसा नसतो, असं वाटायचं.

दसऱ्याच्या आधी फ्लँजला, म्हणजे पाईप जोडायच्या गोल चकतीला, भोकं पाडायचा माझा पहिला मॅक्रो तयार झाला. फ्लँज घट्ट धरायला दोन भोकांच्या मध्ये एकेक लोखंडी क्लॅम्प असतो. एक भोक झालं की ड्रिलनं क्लॅम्पच्या वर जायचं, पलीकडं सरकायचं आणि पुढचं भोक पाडायचं. किती वर जायचं ती उंची मी एकशे एक नंबरच्या खणात भरून ठेवली. तिन्ही पाळ्यांत जॉब निघाले, एकही वाया गेला नाही. ताई येऊन बघून गेल्या. थांबल्या बराच वेळ.

खंडेनवमीला कारखाना धुतला. मशीनला हार, पॅनेलला हळदकुंकू, झेंडूचं तोरण. "आज हत्यारांनी इसावा घ्यायचा," म्हणत मामांनी हात जोडले आणि मेन स्विच पाडला. आमचं मशीन वर्षातून त्या एका दिवशी गप्प असतं.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचा जॉब. आमच्याकडं तो मध्ये थांबवत नाहीत. थांबला तर वर्षभर काम अडतं, असं ताईंचे सासरे म्हणायचे, आणि ताई ते अजून पाळतात. मी जॉब बांधला, ड्रिल तपासलं. प्रोग्रामची एकेक ओळ थांबून चालवायच्या बटणाकडं हात नेला तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मुहूर्ताला अडखळत नको, उत्कर्षा. तुझाच मॅक्रो आहे ना? एका दमात चालव."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. हिरवं बटण दाबलं.

पहिलं भोक व्यवस्थित पडलं. ड्रिल बाहेर आलं. आता ते वर जाणार, आणि वर जाताना एक लांब सूंऽऽ असा आवाज येतो. तो आवाज आलाच नाही. रानात मेंढराच्या गळ्यातली घंटा थांबली की माझे आप्पा हातातला घास टाकून उठायचे. तसं माझं झालं. काय चुकलंय ते मला माहीत नव्हतं, पण हात लाल बटणावर आपटला होता.

मशीन गपकन थांबलं. काचेतून बघितलं तर ड्रिल आडवं सरकून क्लॅम्पपाशी येऊन उभं होतं. मध्ये बोट घालायला जागा नव्हती. अजून जरा सरकलं असतं तर ड्रिलचे तुकडे उडाले असते, ड्रिल फिरवणारा स्पिंडल गेला असता आणि मशीन कित्येक दिवस बसलं असतं.

"थांबवलंस?" ताईंचा आवाज चढला. "मुहूर्ताचा जॉब थांबवलास?"

"ड्रिल वर गेलं न्हाई, ताई."

"परवापर्यंत जात होतं की!"

मामा पुढं झाले आणि त्यांनी पॅनेलवर खणांचं पान उघडलं. एकशे एकपुढं काहीच नव्हतं. शून्यसुद्धा नव्हतं.

"रिकामा हाय," मामा म्हणाले. "खण रिकामा आसला की मशीन त्यो शबुदच वाचत न्हाई. वर जायचं सोडलं आन् फुडं निघालं." मग ताईंकडं वळून हळू म्हणाले, "नवमीला मेन स्विच म्या पाडला. लाईट गेली, तवा खण पुसला. हे माज्या ध्यानात याया पायजे हुतं."

ताईंनी मान डोलावली. मामा तसेही जाणारच होते. मी गप्प बसले असते तर तेवढ्यावर भागलं असतं आणि चावी माझीच झाली असती. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. लाज वाटली, पण दिसलं.

"मामांचं काय न्हाई चुकलं," मी म्हणाले. "शंभर नंबरातले खण मशीन बंद झाल्यावर पुसतात, पाचशे नंबरातले राहतात, हे त्यांनी शिकवलंवतं मला. आपलं मशीन कवा बंद हुतंय, आसं म्हणून मीच शंभरातला खण घेतला. आन् आज बघितलाबी न्हाई."

"म्हणजे चूक तुझी."

"व्हय, ताई."

"आणि तुला चावी हवी होती." ताईंनी एवढंच म्हटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दुरुस्त कर. मामांकडून चावी घे आणि काम झालं की परत दे."

मामांनी करदोट्याची गाठ सोडली. मी ड्रिल वर उचलून घेतलं आणि चावी लावून मॅक्रोच्या डोक्यावर एक ओळ घातली. खण रिकामा असेल तर पुढं जायचं नाही, जागेवर थांबून ओरडायचं. काय ओरडायचं तेही लिहावं लागतं. पॅनेलवर इंग्रजी अक्षरंच उमटतात, तर इंग्रजी अक्षरांत मी आमची भाषा लिहिली.

"आता उंची भर," ताई म्हणाल्या.

"न्हाई, आधी असंच चालवते. रिकाम्यावर."

मामा काचेला नाक लावून उभे राहिले. लाल बटणावर मी डावा हात ठेवला. उजव्यानं हिरवं दाबलं. मशीन जागचं हललं नाही. लाल दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली: उंची भर गं.

"हे मशीन बोललं का तू?" ताईंनी विचारलं. मामा खाली बघून हसले.

मग पाचशेतल्या खणात उंची भरली, मॅक्रोत नंबर बदलला आणि मुहूर्ताचा जॉब पुन्हा पहिल्यापासून चालवला. प्रत्येक भोकानंतर सूंऽऽ आवाज आला. मी चावी काढून मामांपुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही, ताईंकडं बोट दाखवलं. ताईंनी ती मुठीत घेतली आणि ऑफिसात निघून गेल्या. मी हात पुसायच्या निमित्तानं मागच्या नळावर जाऊन भरपूर रडले.

संध्याकाळी सगळे सोनं द्यायला जमले. ताई एकेकाच्या हातावर आपट्याचं पान ठेवत आल्या. माझ्या हातावर ठेवलं ते पान जड लागलं. खाली काहीतरी गार, करंगळीहून लहान होतं. मी मूठ उघडणार तोच ताईंनी आपल्या हातानं ती मिटवली आणि पुढच्याकडं वळल्या. मामा मोटरसायकलला किक मारत होते. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण आधी मशीनकडं गेले, खणांचं पान उघडलं आणि उंची आहे ना ते बघून आले.