निवृत्तीदादाची जागा

साखरखेर्ड्याचा सहदेव वांगी-मिरच्या पिकवायचा आणि संध्याकाळी मंदिरातल्या भजनाला बासरी वाजवायचा. हात चांगला होता, पण मृदंग आणि टाळांच्या गजरात त्याची बासरी कुणाला ऐकूच जायची नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एके सकाळी रंगराव बँडमास्तर त्याच्या मळ्यात आले. बँडमध्ये पिकोलो वाजवणारा निवृत्ती ट्रकमधून उतरताना तोंडावर आपटला होता. पुढचे दात गेले होते, आणि मागे दातांचा आधार नसला की ओठांत फुंकर थांबत नाही. लगीनसराई तर जवळ आली होती.

"तू ये," रंगराव म्हणाले. "निवृत्ती सोताच शिकवतो म्हणते."

पिकोलो म्हणजे दीड वीत लांबीची काळी बासरी, वर चकचकीत चाव्या. मोठी येते तर लहान काय अवघड, असं सहदेवाला वाटलं. पण पहिल्यांदा नुसती हवा निघाली, आणि मग अशी किंचाळी फुटली की गोठ्यातला बैल बिचकला.

"पोटभर वारा देऊन राह्यला तू," निवृत्ती बोळक्या तोंडानं म्हणाला. "हिले घोटभरच पाह्यजे. पण जोरानं. ओठ आवळ."

सहदेव बासरीच्या सवयीनं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा. चावी खटकन मिटायची आणि सूर तुटायचा.

"इथं घसरता येत नाही, बापू. एका सुरावर नीट उभा राह्य, मंग दुसऱ्यावर पाय टाक."

निवृत्ती रोज त्याच्यासमोर बसायचा. स्वतःला वाजवता येत नव्हतं, म्हणून हवेत बोटं चालवून दाखवायचा. अकोल्याहून कवळी आली की निवृत्ती परत बँडमध्ये यायचा आणि सहदेवानं बाजूला व्हायचं, हे कुणी बोललं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

हंगामाच्या पहिल्याच वरातीत सहदेवानं लाल कोट घातला आणि पिकोलो ओठांना लावला. ढोल, ताशा, पितळी कॉर्नेट, सगळ्यांच्या वरून त्याचा सूर निघाला. माडीवरच्या बायका वाकून पाहू लागल्या. कुणीतरी विचारलं, "हा कोन वाजवून राह्यला?" आयुष्यात पहिल्यांदा तो गर्दीत ऐकू आला होता. घरी आल्यावरही त्यानं बराच वेळ कोट काढला नाही. बायको पंचफुला हसली, "आता कोट घालूनच मिरच्या तोडसान का?"

कवळी आली. निवृत्तीनं ती बसवून काही दिवस घरीच सराव केला, मग पिकोलो घेऊन सहदेवाच्या मळ्यात आला.

"मले माह्याच कानाचा भरोसा नाही राह्यला," तो म्हणाला. "कवळीमुळं सगळं डोक्यात घुमते. तू तिकडं तोंड करून ऐक, अन् खरं सांग. तू म्हनशील तसं."

सहदेव पाठ करून विहिरीकडे पाहत उभा राहिला. पहिला सूर थरथरला. दुसरा सावरला. मग निवृत्ती वर चढत गेला, आणि सगळ्यात वरच्या सुरावर त्यानं तो कंप घेतला, जो सहदेवाला महिनोन्‌महिने घासूनही जमला नव्हता. सहदेवाच्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी त्याला तो लाल कोट आठवला.

"कसं?" निवृत्तीनं विचारलं.

"वारा लई निघते, दादा," सहदेव वळला नाही. "वरचा सूर फाटते."

निवृत्तीनं पिकोलो ओठांपासून खाली घेतला. "बरं," तो म्हणाला. कवळी काढून त्यानं रुमालात बांधली आणि पिकोलो सहदेवाच्या हातात दिला. "मंग हे तुह्यापाशीच ठेव."

त्यानंतर बँड पार शेगावपर्यंत वाजवून आला. लोक सहदेवाला नावानं ओळखू लागले. पण वरच्या सुराशी आला की त्याच्या ओठांतून हवा सांडायची. रंगराव म्हणायचे, थकला असशील.

एकदा बाजारात निवृत्तीची बायको वच्छलाबाई भेटली. सहदेवानं दादांची तब्येत विचारली.

"कवळी घालतच नाहीत," ती म्हणाली. "दुधात भाकर कुस्करून खातात. म्हनतात, वाजवायचंच नाही तं दात कशाले?"

सहदेव भाजीची पाटी तशीच टाकून निवृत्तीच्या वावरात गेला. निवृत्ती कांद्याच्या वाफ्यात खुरपत होता.

"दादा, म्या खोटं सांगतलं होतं."

निवृत्तीनं खुरपं थांबवलं.

"कोनता सूर फाटला होता?"

"कोनताच नाही."

"वरचा?"

"वरचाही नाही. तसा मले अजूनही येत नाही."

निवृत्तीच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला, आणि सहदेवाला तोच सहन झाला नाही. मग तो आनंद गेला.

"मले तुह्या कानाचा भरोसा होता बे," निवृत्ती हळूच म्हणाला. "म्या शिकवलेला कान होता तो. काऊन केलं?"

उत्तरासाठी निवृत्ती थांबला नाही. तो पुन्हा खुरपू लागला.

घरी जाऊन त्यानं कवळी घालून पाहिली. इतक्या दिवसांत हिरड्या आकसल्या होत्या, कवळी सैल पडली. तो पुन्हा अकोल्याला गेला. सहदेव सोबत येतो म्हणाला, तर "नको" एवढंच म्हणाला.

पुढच्या हंगामात निवृत्ती आला. सहदेवानं रंगरावांना सगळं सांगून कोट परत केला होता, पण रंगरावांनी त्याला झांज वाजवायला मागे ठेवलं. निवृत्तीचा दम आता पूर्ण वरात पुरत नव्हता. अर्ध्या वाटेत तो पिकोलो न बोलता मागे सहदेवाकडे द्यायचा आणि लग्नमंडप जवळ आला की परत घ्यायचा.

बीबी गावातल्या एका लग्नात निवृत्तीनं मंडपाच्या दारात तो वरचा सूर असा लावला की वरबाप वाकून त्याच्या पाया पडला. वाजवून झाल्यावर निवृत्ती कॉर्नेटवाल्या उकंडरावाकडे वळला.

"फाटला तं नाही ना?"

"नाही, दादा. एकदम साफ होता," उकंडराव म्हणाला.

सहदेव शेजारीच उभा होता. "लई चांगला लागला, दादा," तो म्हणाला.

निवृत्तीनं ऐकलं की नाही कळलं नाही. तो पिकोलो पुसत राहिला, आणि सहदेव त्याच्यासाठी पाणी आणायला गेला.