काळ्या रबराखालचं दुखणं

मित्रांनो, तेल्हाऱ्यातल्या डोमाजी तायडे यांच्या अंगणात जी जुनी मोटारसायकल उभी असते, ती मी. साडेतीनशे सीसीची, अंगाने भरलेली, शेतरस्त्यावर आणि हायवेवर सारखीच चालणारी. लोखंडाच्या जिवाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या आयुष्याचा मोठा भाग भीतीतच गेला, आणि ती भीती होती माझ्यावर विश्वासाने बसणाऱ्या माणसांसाठी.

माझा पहिला मालक अमरावतीचा चंद्रभान. त्याचं फुलांचं दुकान होतं. सकाळी माझ्या पाठीवर झेंडूची पोती असत, संध्याकाळी त्याची बायको. रोज तो मला फडक्याने पुसायचा आणि शेजाऱ्यांना म्हणायचा, "माही राणी हाय हे. कुठीच धोका देत नाई." ते ऐकून मला फार बरं वाटे.

एका सकाळी भातकुलीकडून परतताना तुरीच्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उसळला आणि थेट समोर आला. चंद्रभानने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. मी रोह्यावर आदळले, चंद्रभान लांब फेकला गेला. त्याच्या ओरडण्याचा आवाज अजून माझ्या टाकीत घुमतो. त्याचा पाय मोडला, आणि समोरचं चाक धरणाऱ्या माझ्या दोन नळ्या वाकल्या. मिस्त्री लोक त्यांना शॉकअप म्हणतात.

चंद्रभानच्या बायकोला मी डोळ्यांसमोर नको झाले. अकोल्याचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी मला न्यायला आला, तेव्हा चंद्रभान कुबडीवर टेकून दारापर्यंत आला. म्हणाला, "भाऊ, समोरून जोरात ठोकली हाय. घेणाऱ्याले सांगजा."

"हाव ना भाऊ, सांगतो ना!" व्यापारी म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. नवे शॉकअप टाकण्याऐवजी त्याने वाकलेल्या नळ्या दाबून सरळ केल्या, वरून काळ्या रबराची आवरणं चढवली आणि टाकीला चकचकीत लाल रंग दिला. मी नवरीसारखी सजले. पण आतला बाक पुरता गेला नव्हता. हळू चाललं की काही कळत नसे. वेगात असताना ब्रेक दाबला की माझं हँडल थरथर कापे. एकदा हायवेवर त्या व्यापाऱ्यालाही ते जाणवलं. त्याने मला मुकाट्याने परत आणून दुकानापुढे लावलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं की याने मला घेऊ नये, असं वाटे.

मग प्रियदर्शनी आली. ती तेल्हारा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. लस द्यायला, बाळंतिणींना बघायला तिला गावोगाव फिरावं लागे आणि तिच्या स्कूटीची लहान चाकं काळ्या मातीत फसत. म्हणून तिला रोजच्या वापराला दणकट गाडी हवी होती. सोबत तिचे वडील डोमाजी होते.

"कुठी आदळली-गिदळली तं नाई ना?" डोमाजींनी विचारलं.

"काका, फुलवाल्याची गाडी हाय," व्यापारी हसला. "फुलासारखी जपली त्यानं."

"मी मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारून पाहते," प्रियदर्शनी म्हणाली.

"पेट्रोल नाई मॅडम तिच्यात. इथंच गल्लीत पाहून घ्या ना."

गल्लीत मी लोण्यासारखी चालले. मित्रांनो, नीट चालल्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. ओरडावंसं वाटत होतं, की बाई, मला घेऊ नकोस! पण आम्हाला आवाज असतो तो इंजिनाचा, आणि माझं इंजिन तर उत्तम होतं.

सौदा झाला, आणि पेट्रोल भरून ती दोघं निघाली. अकोला मागे पडलं. मोकळा रस्ता लागला तसा तिने वेग घेतला. मागे डोमाजी खुशीत होते. "मस्त चालून राहिली व माय गाडी!" ते म्हणाले. मी मात्र प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरून होते.

चोहोट्टा गावाच्या पुढे कापसाने भरलेली एक ट्रॉली समोर चालली होती. ती अचानक थांबली. प्रियदर्शनीने ब्रेक दाबला आणि माझं हँडल तिच्या हातात वेड्यासारखं हलायला लागलं. तिने सगळा जोर लावून मला ट्रॉलीपासून बाजूला काढलं, पण रस्ता सुटला आणि आम्ही तिघंही शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडलो.

"बाबा! बाबा!"

"हाय पोरी, हाय मी. हात तेवढा उचलून नाई राहिला."

डोमाजींचा हात मोडला होता.

त्यानंतर मी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिले. प्रियदर्शनी कधी किल्ली घेऊन यायची, माझ्यावर बसायची. मग किल्ली न फिरवताच उतरून घरात जायची. शेवटी तिने गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने रबर वर सरकवलं, आणि नळ्यांचा बाक सगळ्यांना दिसला. तिने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, काहून टेन्शन घेता?" तो म्हणाला. "रबर चढवा, धुऊन-पुसून कोणालेबी देऊन टाका. धंदा असाच चालते."

"देऊन टाक," डोमाजीही म्हणाले. "डोळ्यापुढून जाऊ दे एकदाची."

पुन्हा रबर चढलं. मला वाटलं, आता हीसुद्धा तसंच करणार.

अकोटहून कुंदन नावाचा एक तरुण मला बघायला आला. सोबत बायको होती, तिच्या कडेवर तान्हं बाळ. कुंदनला मी पाहताक्षणी आवडले. तो बसला, मागे बाळाला घेऊन बायको बसली. बाळाचे इवले पाय माझ्या सीटला लागले. प्रियदर्शनी दाराशी उभी होती. कुंदनने किल्ली फिरवली.

"थांबा," ती एकदम पुढे आली. "उतरा. लेकराले घेऊन बसू नका या गाडीवर. समोरचे शॉकअप वाकले हायेत. मी अन् बाबा मरता मरता वाचलो."

कुंदनचा चेहरा उतरला. त्याची बायको बाळाला छातीशी धरून चटकन उतरली. "बरं झालं व ताई, सांगतलं," ती म्हणाली. ते निघून गेले.

"सांगाले काय गरज होती?" डोमाजी चिडले.

"आपल्याले कोनं सांगतलं असतं, बाबा, तं हा हात मोडला असता का?"

डोमाजींनी गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "मंग आता दुरुस्तच कर तिले. पण पक्की कर."

टेम्पोत चढवून तिने मला अमरावतीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेलं. जुन्या नळ्या भंगारात गेल्या, नवे शॉकअप बसले. परतीला ती एकटी होती. दर्यापूरच्या अलीकडे रस्ता रिकामा दिसला तशी ती वेगात आली, दात आवळले आणि मुद्दाम ब्रेक दाबला. मीही घाबरले होते. पण माझं हँडल हललं नाही. ती रस्त्याच्या कडेला उतरली, माझ्या टाकीवर डोकं टेकलं आणि खूप रडली.

आता ती मला घेऊन रोज गावोगाव जाते. समोर कापसाची ट्रॉली दिसली की अजूनही तिची मूठ घट्ट होते, आणि मग आम्ही दोघी सावकाश जातो. डोमाजी मात्र अजून एसटीनेच फिरतात. मी त्यांना दोष देत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जुनी गाडी घ्याल. ती मोठ्या रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि कधी गाडी विकायची वेळ आली, तर रंगाआधी तिची जखम दाखवा. तुम्ही गप्प राहिलात, तर आम्ही कापत कापत कुणाच्या तरी लेकराला घेऊन रस्त्यावर निघतो, आणि त्याला सावध करायला आमच्याजवळ एक शब्दही नसतो.