चाळीस ओळी

“नाही म्हणतोय,” संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता शिंपीकाका म्हणाले. “आज नववा दिवस.”

भूकंपानंतर शाळेच्या सभागृहात मदतकेंद्र उघडलं होतं. जखमींना लांबलांबच्या रुग्णालयांत हलवलेलं, रस्ते बंद. त्यामुळे आपलं माणूस कुठे आहे ते या एका संगणकावरच्या यादीत बघायचं. ती यादी मी बनवलेली. साठ हजार नावं एकदम उघडली की ब्राउझर मान टाकायचा, म्हणून मी शक्कल लढवली: पडद्यावर मावतील तेवढ्या चाळीसच ओळी पानावर ठेवायच्या, यादी सरकवली की आधीच्या काढून पुढच्या मांडायच्या. पान झरझर चालायला लागलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि मीही दोन दिवस हवेत होते. नावाने शोधायची सोय तेवढी राहिली होती. ती पुढच्या आठवड्यात करू, असं ठरलं.

केंद्रात मी आज पहिल्यांदाच आले होते.

“काका, कसं शोधता, दाखवा बघू.”

“नातीनं शिकवलंय.” त्यांनी दोन बटणं दाबून ब्राउझरची शोधपट्टी उघडली आणि एका बोटाने काकूंचं नाव लिहिलं. एकही नाही, असं उत्तर आलं. “यादीत नाही म्हणजे धडधाकट असणार. कुणाच्या तरी घरी बसून मलाच शिव्या घालत असेल.”

ती पट्टी पानावर असेल तेवढंच शोधते, आणि पानावर चाळीसच माणसं होती. हे दुसऱ्या कुणाला नाही, तरी मला कळायला हवं होतं.

मी लॅपटॉप काढून मूळ यादीत तेच नाव टाकलं. लगेच सापडलं. एकेचाळीस हजार दोनशे सहावी ओळ. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दाखल. शेरा: शुद्धीवर आहे, नवऱ्याला बोलवा म्हणते. शेवटच्या रकान्यात: मृत्यू, काल दुपारी.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“काल दुपारी मी इथंच होतो,” ते म्हणाले. “याच खुर्चीत.”

“काका, माझी चूक आहे. मी...” मला रडूच फुटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, ती ओळ पुन्हा वाचली. मग मागे खोळंबलेल्या लोकांच्या रांगेकडे बघून विचारलं, “म्हणजे यांनाही खोटंच ‘नाही’ सांगितलंय?”

मी मान डोलावली.

“मी गाडीची सोय बघते, काका. तुम्ही आधी काकूंकडे जा.”

“तिला आता घाई नाही गं. यांना आहे. नावं मी लिहून देतो, तू शोध.”

त्यांनी खिशातून मापांची वही काढली, कोरं पान उघडलं आणि रांगेपाशी गेले. पहिल्या बाईने मुलाचं नाव सांगितलं. काकांनी ते नीट लिहून घेतलं.

“वय?” त्यांनी विचारलं.