पाळकसाहेब बसले तेव्हा

मी एक जुनी घडीची तिपाई आहे. तीन लाकडी पाय, त्यांना मधोमध धरून ठेवणारी पितळी कडी आणि वर चामड्याची तिकोनी बैठक, एवढाच माझा संसार. मिटले की मी बगलेत मावते, उघडले की कोणालाही टेकू देते. पण मित्रांनो, माझी एक अडचण आहे. माझे तोंड वर आहे. कोणी माझ्यावर बसले की मला जगातले काहीच दिसत नाही. त्यामुळे मी माणसांना त्यांच्या वजनावरून ओळखायला शिकले. माणूस जाड की बारीक, हे मी पाहत नाही. तो किती टेकतो, ते पाहते.

एका सुताराने मला एका चित्रकारासाठी घडवले. चित्रकार मला नदीकाठी, बाजारात, रस्त्याच्या वळणावर उघडायचे आणि तासन्‌तास चित्र काढत बसायचे. बसले म्हणजे असे बसायचे की सगळा भार माझ्या स्वाधीन. त्यांच्या कुंचल्यातून निसटलेला एक निळा थेंब अजून माझ्या चामड्यावर आहे. मी तो दागिन्यासारखा मिरवते.

त्यांची एकुलती एक मुलगी त्यांनी चर्चच्या एका पाळकाला दिली होती. पाळकसाहेब म्हणजे सदा उभा माणूस. उपदेश उभ्याने, प्रार्थना उभ्याने, आजाऱ्याच्या खाटेशी उभ्याने, घरचा चहासुद्धा दाराच्या चौकटीला टेकून. सासऱ्यांचे आणि त्यांचे सूत काही जुळले नाही. चित्रकार चर्चची पायरी चढत नसत आणि जावई चित्राकडे वळून बघत नसत.

"जावईबापू, घटकाभर बसा इथं," चित्रकार एकदा नदीकाठी म्हणाले. "काही करू नका. नुसतं बघा."

"वेळ कुठाय, बाबा? अजून दोन घरी जायचंय."

"तुमच्या देवानं एवढं सगळं करून ठेवलंय, आणि तुम्हालाच बघायला वेळ नाही. कमाल आहे."

पाळकसाहेब हसले आणि निघून गेले. चित्रकार मात्र बराच वेळ कुंचला हातात धरून नुसतेच बसून राहिले. त्या दिवशी ते मला नेहमीपेक्षा जड लागले.

पुढे चित्रकार वारले. पाळकबाईंनी वडिलांची आठवण म्हणून मला घरी नेले, पण आठवणींनाही घरात जागा लागते. मी जिन्याखाली गेले आणि कोणीतरी माझ्यावर फुलाची कुंडी ठेवली. एकेकाळी नदी पाहिलेल्या मी वर्षानुवर्षे कुंडीचे बूड पाहिले. पाणी झिरपून माझे चामडे ताठ झाले, कडीवर हिरवट पुटे चढली. तक्रार कोणाकडे करणार? कुंडीला तरी कुठे माहीत होते की ती कोणाच्या उरावर बसली आहे.

जिन्याला लागूनच स्वयंपाकघर होते. त्यामुळे दिसले नाही तरी ऐकू यायचे. एक दिवस पाळकसाहेबांचा आवाज आला, आणि तो चर्चमधला भारदस्त आवाज नव्हता.

"शब्द येतात गं तोंडातून. पण आत काही हलत नाही. नळ सोडावा आणि नुसती हवा यावी, तसं झालंय."

"थकलाय तुम्ही. म्हणून तर चर्चच्या मंडळीनं एवढी मोठी सुट्टी दिलीय ना? फिरून या म्हणालेत."

"फिरून येऊ. पण आल्यावर मी राजीनामा देणार आहे. ज्याचं स्वतःचं भांडं रिकामं, त्यानं लोकांना काय वाढायचं?"

मग भांडी आवरल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ माझ्या डोक्यावरची कुंडी उचलली गेली. इतका उजेड मी कितीतरी वर्षांनी पाहत होते.

"राजीनाम्याचं आल्यावर बघू," बाई म्हणाल्या. "चित्रांची संग्रहालयंही बघायचीत, तेवढं उभं राहणं तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. ही सोबत घ्या."

त्यांनी मला पुसले, कडी घासली आणि चामड्यात हळूहळू तेल जिरवले. मला नव्याने जन्म मिळाल्यासारखे वाटले. स्टेशनवर मला पाळकसाहेबांच्या बगलेत देताना त्या म्हणाल्या, "सवत आणलीय म्हणून समजते मी. नीट सांभाळा तिला."

मग आम्ही तिघे निघालो. आगगाड्या झाल्या, बोटी झाल्या, उंच छतांची संग्रहालये झाली. पाळकसाहेब माझ्यावर बसत, पण कसे? अगदी कडेला. निम्मा भार माझ्यावर, निम्मा स्वतःच्या पायांवर. कोणी हाक मारली तर ताबडतोब उठता आले पाहिजे, ही आयुष्यभराची सवय. मला वाटायचे, अहो, टेका ना एकदाचे. मी काय चावते आहे?

एका दालनात एका पहारेकऱ्याने त्यांची ही धडपड पाहिली. "आजोबा, बसा निवांत," तो म्हणाला. "चित्र कुठं पळून जात नाही."

"मला आजोबा म्हणाला तो," पाळकसाहेब दिवसभर पुटपुटत राहिले.

"मग काय बाळ म्हणायचं?" बाई म्हणाल्या.

पण त्या दालनात ते खरोखरच बराच वेळ बसले होते. समोर एक लहानसे चित्र होते, असे बाईंच्या बोलण्यावरून कळले. टेबलावर पाव, एक मातीचा घडा आणि खिडकीतून आलेले ऊन. बाकी काही नाही. पाळकसाहेबांचा श्वास मंदावत गेला. खूप वेळाने ते म्हणाले, "बाबा हेच म्हणायचे का गं?" बाईंनी पदराने डोळे पुसले असावेत, कारण पदराचे टोक माझ्या पायाला लागले.

आता ऐका, मित्रांनो. ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे सांगते आहे, तो आता येतो.

एका रविवारी आम्ही एका परक्या गावातल्या मोठ्या चर्चमध्ये उपासनेला गेलो. बाके भरलेली होती, म्हणून पाळकसाहेबांनी मागच्या बाजूला बाकाच्या शेवटाशी मला उघडले. बाई शेजारच्या बाकावर बसल्या. तिथला पाळक तरुण होता. गाणी झाली, उपदेश झाला. शेवटी आशीर्वादाची वेळ आली. सगळ्या लोकांनी माना खाली घातल्या असणार, पुढे त्या तरुण पाळकाने दोन्ही हात वर केले असणार, आणि मागे आमचे पाळकसाहेबही ताडकन उठले आणि त्यांनीही दोन्ही हात वर केले.

सवय हो. दुसरे काय? आयुष्यभर त्या क्षणी त्यांचे हात वरच जात आले होते.

ते उठले म्हणून मला वर दिसले. आणि काय दिसले म्हणून सांगू. माझ्या डोक्यावर छत नव्हतेच. तिथे आभाळ होते. प्रचंड गोल घुमट, आणि त्यात रंगवलेली शेकडो माणसे, एकावर एक चढत जाणाऱ्या ढगांवर, सगळी वरच्या उजेडाकडे निघालेली. कोणी धावते आहे, कोणी उडते आहे, कोणी पोराला खांद्यावर घेतले आहे. आणि त्या साऱ्यांच्या खाली, अगदी माझ्यासमोर, आमच्या म्हाताऱ्याचे वर गेलेले दोन हात. मी नद्या पाहिल्या होत्या, डोंगर पाहिले होते. पण एवढे मोठे काही असू शकते आणि ते माझ्यासारख्या जिन्याखालच्या तिपाईलाही दिसू शकते, हे मला माहीत नव्हते.

"अहो, हात खाली घ्या," बाई कुजबुजल्या. "आज आपण घेणारे आहोत."

पुढचे मला नंतर बाईंच्या बोलण्यातून कळले. तरुण पाळकाने मागे पाहिले होते. तो ओळखून चुकला असणार, कारण तो किंचित हसला, थांबला, आणि आमचे पाळकसाहेब खाली बसेपर्यंत त्याने आशीर्वादाचे शब्द उच्चारले नाहीत.

ते बसले. आभाळ झाकले गेले. आणि मित्रांनो, त्या क्षणी पहिल्यांदाच त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. चामडे करकरले. वरून शब्द येत होते आणि पाळकसाहेब लहान मुलासारखे हुंदके देत होते.

लोक गेल्यावर ते बाईंच्या खांद्यावर मान टेकवून घुमट पाहत बसले. झाडलोट करायला आलेल्या बाईने बोटाने दाखवले, "ते बघा, उजेडाच्या जवळ. एवढ्या गर्दीत एकच म्हातारा बसलाय."

खरेच. मी मघाशीच पाहिले होते. ढगाच्या काठावर, आपल्याकडे पाठ करून, तो एका तिपाईवर बसला होता. हो, तिपाईवर! तेवढ्या उंचीवर आमच्या जातीचे कोणीतरी पोचले होते.

"चित्रकारानं स्वतःलाच काढलंय म्हणतात," ती म्हणाली. "वय झालेलं त्याचं. खरंखोटं तोच जाणे."

"तिथं बसायला चालतं तर," पाळकसाहेब म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "इतकी वर्षं मी आशीर्वाद दिला गं. कधी घेतलाच नाही."

सुट्टी संपली. आम्ही घरी आलो. राजीनाम्याचे काय, ते बाईंनी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. यांनी राजीनामा दिला तर मी पुन्हा कुंडीखाली.

रविवारी त्यांनी मला चर्चमध्ये नेले. व्यासपीठावर माझ्यावर बसून त्यांनी अगदी थोडके सांगितले. पाव, घडा आणि उन्हाबद्दल. मंडळीचे खजिनदारकाका फार शिस्तीचे होते. पाळकाने बसून बोलावे, हे त्यांना मुळीच रुचले नाही. ते घसा खाकरत राहिले. मग आशीर्वादाची वेळ आली. पाळकसाहेब मला घेऊन खाली उतरले, लोकांच्या मधोमध मला उघडले आणि बसले.

"मला रिकामं वाटत होतं," ते म्हणाले. "मी सोडून जाणार होतो. आज तुम्ही हात वर करा आणि मला आशीर्वाद द्या."

सगळ्या मंडळीने मुकाट्याने माना खाली घातल्या असणार. त्यांचीही सवयच ती! एकही हात वर गेल्याची चाहूल लागली नाही. मी पाळकसाहेबांचा भार पुन्हा हळूहळू पायांकडे सरकताना ओळखला. ते उठणार होते.

तेवढ्यात खजिनदारकाकांचा आवाज आला. "अरे, डोळे उघडा सगळ्यांनी. माणूस काहीतरी मागतोय. हात वर करा."

कपड्यांची एकच सळसळ झाली. काकांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला ते अडले, तेव्हा बाकीच्यांनी ते शब्द उचलले. दर रविवारी ऐकून ते साऱ्यांना पाठ होते. पाळकसाहेबांनीच तर ते दिले होते. मला काहीच दिसत नव्हते. पण भार परत आला, सगळाच्या सगळा आला, आणि माझ्या जुन्या शिवणीचा एक टाका तटकन तुटला. मला त्याचे काही वाटले नाही.

घरी आल्यावर बाईंनी हळूच विचारले, "मग, तुमचं ते ठरलेलं?"

पाळकसाहेबांनी मला उलटसुलट करून पाहिले. "हिचा टाका घालून घे," ते म्हणाले. "आणि तेल लाव. पुढच्या रविवारी लागेल."

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली, माळ्यावर माझ्यासारखे कोणी असेल. त्याच्यावरची कुंडी उचला, त्याला थोडे तेल लावा. आणि तुमच्या घरात सदा उभे असणारे एखादे माणूस असेल, सगळ्यांना देणारे आणि स्वतः दारात उभ्यानेच चहा पिणारे, तर त्याला माझ्यासारखी बैठक द्या. ते कडेला टेकेल, पुन्हा उठू पाहील. तेव्हा माना खाली घालू नका, हात वर करा.