जुनी नवी आणि नवी नवी

इतिहासाच्या बाईंनी प्रकल्प दिला: आपल्या भागाचा इतिहास शोधा. निम्म्या वर्गाने पूल पकडला, उरलेल्यांनी पाण्याची टाकी. मी उभी राहून म्हटलं, "मी स्मशानातल्या नोंदवह्या वाचणार." बाईंनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "वाच." झालं! मला शिंगंच फुटली.

घरी आई वैतागली. "तुला दुसरं काही सुचलं नाही का गं?"

"आई, पुलावर कोण राहतं? स्मशानात अख्खं गाव आहे."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "जातेच आहेस तर माझ्या आईची नोंद बघ," ते म्हणाले. "मी स्मशानात पोचलो त्याच्या आदल्या दिवसाची तारीख असेल. लिहून आण."

आता ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पणजी वारली तेव्हा आजोबा दुसऱ्या गावी नोकरीला होते. त्यांच्या मोठ्या भावाने, म्हणजे माझ्या थोरल्या आजोबांनी, तार केली: 'आई गेली. उद्या थेट नव्या स्मशानात ये.' आजोबा म्हणतात, मी तिथे अंधार पडेपर्यंत बसलो, कुणी आलंच नाही. दादाने माझी वाट न बघता आदल्याच दिवशी सगळं उरकून टाकलं. थोरले म्हणतात, आम्ही ताटकळलो, हा फिरकलाच नाही आणि वर खोटं बोलतो. तेव्हापासून दोघांचा अबोला. एकाच गावात राहतात, पण लग्नाकार्यात समोरासमोर आले की एक जण पंख्याकडे बघतो आणि दुसरा बुटांकडे. आजोबांचं वय झालंय. त्यांना फक्त ती तारीख हवी होती. आपण खोटारडे नाही हे एकदा कागदावर बघायचं होतं.

शनिवारी मी सायकल काढली. टेकडीखालचं लोखंडी फाटक गंजून वाकडं झालंय, त्यावर पाटी आहे: 'नवीन स्मशानभूमी'. मला हसूच आलं. हे नवीन, तर जुनं केवढं म्हातारं असेल?

आत टेबलावर कारकून काका बसले होते. त्यांनी मला हात धुऊन यायला लावलं आणि जाडजूड वह्या समोर ठेवल्या. नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण, कोणी आणलं. मी जी घुसले ती घुसलेच! घड्याळजी, गवंडी, सुईण, बँडमध्ये पिपाणी वाजवणारा. एका हिवाळ्यात पानंच्या पानं ताप, ताप, ताप, आणि सगळे पत्ते एकाच गल्लीतले. आमची गल्ली! बाबांना विचारलं तर म्हणतील, "असेल काहीतरी." पूलवाल्यांना असलं काही मिळणार होतं का?

पण पणजी सापडेना. आजोबांनी सांगितलेला दिवस पाहिला, आदला, नंतरचा, मग सगळा महिना. पणजी गायब.

"काका, नोंद करायची राहून जाते का कधी?"

"इथे? छे! कुठल्या नव्या स्मशानातलं हवंय तुला?"

"नवं एकच आहे ना?"

"ही जुनी नवी," काका शांतपणे म्हणाले. "नवी नवी स्टेशनपलीकडे, चिमणीवाली. गावातले लोक तिलाच नवी म्हणतात. बाहेरून येणारे पाटी वाचतात आणि इथे येऊन बसतात."

मी उठून उभीच राहिले. इथे येऊन बसतात!

सायकल अशी हाणली की विचारू नका. चिमणीवालीच्या पहिल्या वहीत, अगदी सुरुवातीच्याच एका पानावर, पणजी होती. आणणाऱ्याच्या रकान्यात थोरल्या आजोबांची सही. आणि तारीख? आदल्या दिवसाची नाही. आजोबा वाट बघत बसले होते त्याच दिवसाची!

घरात शिरतानाच मी ओरडले, "आजोबा, तुम्ही नक्की कुठे बसला होता?"

"नव्या स्मशानात. फाटकाजवळ बाक होता."

"लोखंडी फाटक? टेकडीखाली?"

"मग दुसरं कुठलं?"

मी काही समजावत बसले नाही. आजोबांच्या डायरीत नंबर होता, तो फिरवला आणि स्पीकर लावला.

"थोरले आजोबा, मी बोलतेय, तुमच्या धाकट्या भावाची नात."

"कोण गेलं?"

"कुणी नाही हो! सगळे ठणठणीत आहेत."

"मग फोन कशाला?"

"पणजीला कुठल्या नव्या स्मशानात नेलं होतं? फाटकाच्या की चिमणीच्या?"

"चिमणीच्या! तेव्हा नुकतंच उघडलं होतं. फाटकाचं म्हणजे जुनं."

आजोबा एकदम फोनवर वाकले. "जुनं कसं? पाटीवर 'नवीन' लिहिलंय ढळढळीत!"

पलीकडून हळूच, "छोट्या?"

"दादा, मी गाव सोडलं तेव्हा ती चिमणी नव्हती. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"अरे, सगळ्या गावाला ठाऊक होतं!"

"मी होतो का गावात?"

"मग तारेत काय निबंध लिहू?"

"एक शब्द टाकायचास! चिमणी!"

आरडाओरडा ऐकून आई धावत बाहेर आली. मी तोंडावर बोट ठेवलं. "भांडतायत," मी कुजबुजले. "एकमेकांशी!" आई दारातच खाली बसली.

मग दोघंही दमले.

"तू बसला होतास तिथे?" थोरल्यांचा आवाज खाली आला होता.

"अंधार पडेपर्यंत."

"मी सगळ्यांना म्हणत होतो, थांबा, छोट्या येईल. शेवटी तिथलेच लोक म्हणाले, आता थांबता येणार नाही."

आजोबा डोळे पुसायचे सोडून चष्माच पुसत राहिले.

"छोट्या, घरीच आहेस ना?"

"मग कुठे जाणार?"

"हलू नकोस. मी येतो."

फोन ठेवल्यावर आईने मला कोपऱ्यावर पाठवलं, कारण थोरल्यांनी आमचं घर कधी पाहिलेलंच नव्हतं. मी चपला शोधून धावत कोपऱ्यावर गेले, तर आजोबा माझ्याही आधी तिथे जाऊन उभे होते, घरातल्याच कपड्यांत, अनवाणी.