दस्त्यावरचा पोचा

अर्धवट काम माझ्या स्वभावातच नाही. गावातल्या बायका म्हणतात, मार्थीच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते. म्हणू देत. पण यंदाच्या वसंतात त्याच स्वभावाने माझा घात केला.

आमच्या थेओची मुलगी, म्हणजे आमची नात रेगुला, जूनमधल्या गावच्या नेमबाजीत पहिल्यांदाच उतरणार होती. तिला क्लबची नवी बंदूक नको होती, आजोबांची हवी होती. फ्रेडू, म्हणजे माझा नवरा, तरुणपणी लष्करी शिबिरांना जायचा तेव्हाची. आमच्याकडे सेवा संपली तरी शिपायाला बंदूक ठेवता येते, म्हणून ती घरीच राहिली, कपाटात, धुतलेल्या चादरींशेजारी.

फ्रेडूची नजर आता जवळजवळ गेलीय. संध्याकाळी तो शेगडीजवळच्या बाकावर बंदूक मांडीवर घेऊन बसतो आणि दस्त्यावरून अंगठा फिरवत राहतो. "मांजर पाळलं असतंस तर निदान उंदीर तरी गेले असते," असं मी त्याला चिडवते.

"पोरीला द्यायच्या आधी जरा नीट करू या," तो म्हणाला. नळी आणि बोल्ट त्याने बोटांनी चाचपत स्वतःच साफ केले, एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. लाकडी दस्ता माझ्याकडे आला. त्याचा खालचा भाग पार कुरतडल्यासारखा झाला होता, कारण बुटांना चिकटलेला बर्फ हे वीर बंदुकीनेच झाडायचे.

"फक्त खालचे पोचे काढ हं," असं बजावून तो शेजाऱ्याबरोबर केस कापायला गेला.

फक्त खालचे! टेबलक्लॉथचा एकच कोपरा धुवायचा का? मी ओलं फडकं पसरलं, वर गरम इस्त्री ठेवली. वाफेने लाकूड फुगतं आणि दबलेली जागा वर येते. सगळ्या स्वयंपाकघरात अक्रोडाच्या लाकडाचा वास सुटला. एकेक करत मी वरपासून खालपर्यंत सगळे पोचे उठवले, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल तळहाताने जिरवलं. मला माझा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रेडूने बंदूक जोडली आणि बाकावर बसला. अंगठा दस्त्यावरून खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला.

"मार्थी, माझा पोचा कुठंय?"

"कुठला? सगळे काढले. आरशासारखा झालाय."

"मधला. पायरीवरचा."

"ते सगळे बुटांचेच होते ना?"

"तो नव्हता." तो म्हणाला. "थेओच्या वेळी मी शिबिरातून आलो, तू सपाता घालून बर्फात धावत आलीस आणि सांगितलंस. माझ्या खांद्यावरून बंदूक सटकली, दगडी पायरीवर. तपासणीत साहेबाने झाप झाप झापलं. मी म्हटलं, बर्फावरून घसरलो."

मला ती मिठी आठवत होती. बंदूक पडल्याचं मला कधी कळलंच नव्हतं.

"हल्ली तुझा चेहरा दिसत नाही गं," तो म्हणाला. "तिथे अंगठा ठेवला की तेव्हाचा दिसायचा."

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी या माणसाला मांजरावरून चिडवत होते! मग डोळे पुसले आणि उठले.

"चल बाहेर. बंदूक रिकामी आहे ना? खांद्यावर घे आणि फाटकापाशी उभा राहा."

"मार्थी, वय काय आपलं!"

"तेव्हा तरी कुठे अक्कल होती?"

मी पायरीवर उभी राहिले. पायरी तीच आहे. मनात हसू येत होतं, पण तो काठीने वाट चाचपत, एका खांद्यावर बंदूक सावरत येताना पाहिला आणि ते विरलं.

"फ्रेडू," मी म्हटलं, "आपल्याला बाळ होणारेय."

त्याने आधी काठी सोडली. मग खांदा खाली केला. बंदूक खाडकन पायरीवर आदळली आणि त्याने मला घट्ट धरलं.

"आजी! अगं, कालच तेल लावलं म्हणालीस ना!" फाटकात रेगुला उभी होती, बंदूक न्यायला आलेली.

"गप्प बस," मी म्हटलं. "तुझा बाप येतोय."

ती वेड्यासारखी बघतच राहिली. मग फ्रेडू पायरीवर बसला आणि त्याने बंदूक मांडीवर घेतली. अंगठा बराच वेळ शोधत राहिला आणि एका जागी थांबला.

"जरा वर पडलाय," तो म्हणाला.

"चालेल?"

त्याने रेगुलाला जवळ बसवलं, तिचा हात धरला आणि तिचा अंगठा त्या पोच्यात ठेवला.

"हा सांभाळायचा," तो म्हणाला. "आणि आजीला इस्त्री घेऊन जवळ येऊ द्यायचं नाही."