माह्यावर बसून सांगतलेलं

जुनी सतरंजी आहो मी, मित्रांनो, पण फाटकी म्हणू नका. तुरुंगातल्या मागावर विणलं मले. माही वीण इतकी घट्ट, का एकदा हत्ती चालला माह्यावरून, तं फोड हत्तीच्याच पायाले आले! खोटं वाटत असंल तं हत्तीले विचारा.

लग्नं पाह्यली, विहारातली वंदना ऐकली. मंग यवतमाळच्या एका कॉलेजानं मले नेलं. तिथं मानसशास्त्राचे पोट्टे-पोट्ट्या समुपदेशन शिकत. म्हणजे दुसऱ्याचं दुःख ऐकाचं कसं, ते. दर शनिवारी मले अंथरत अन् गोल करून बसत. मॅडमचा नेम होता, प्रत्येकानं आपलं दुखणं सांगाचं. रडलं तं मार्क जास्त. शामनं तं जित्या आजीले मारून टाकलं अन् भरघोस मार्क घेतले!

घाटंजीची ममता मात्र चूप बसे.

"सांग गं," मॅडम म्हणाल्या. "जो स्वतः मोकळा होत नाही, तो दुसऱ्याचं काय ऐकणार?"

"मले नाही सांगाचं, मॅडम."

"मग मार्क कशाचे देऊ?"

शेवटी पोरीनं सांगतलं. तिची माय लय दिवस वेड्याच्या दवाखान्यात होती. सगळ्यायनं माह्यावर हात ठेवून शपथ घेतली, इथलं इथंच राहीन. मॅडमनं टाळ्या वाजवल्या.

गोलातल्या सुरभीनं फक्त आपल्या मायले सांगतलं. मायनं फक्त बहिणीले. पुढच्या बाजारात भाजीवाली रुखमाबाई ममताले विचारते, "काहून वो, माय अजून अंगावर धावते काय?" ममताच्या लहान बहिणीची सोयरीक जुळून राह्यलती. ती मोडली.

शनिवारी ममता आली. डोळे कोरडे.

"सुरभे, तूच ना?"

"मी तं फक्त आईले सांगतलं वो."

मॅडम म्हणाल्या, "छान! हेच आज गोलात मांड. सगळ्यांना किती शिकायला मिळेल!"

"आज तुमची पाळी, मॅडम. तुमच्या घरचं सांगा."

"अगं, माझं खासगी आहे."

"अन् माही माय काय गावची चावडी आहे?"

ममता उठून गेली, ते वापस आलीच नाही. मॅडमनं घड्याळ पाह्यलं. म्हणाल्या, "चला, पुढे कोण?"

माह्यावर बसणाऱ्या मित्रांनो, मले जपू नका. मले उंदरानं खाल्लं तं कोणाची सोयरीक मोडत नाही. पण कोणी 'नाही सांगाचं' म्हणलं, तं तेवढं ऐकत जा. ऐकाचंच शिकाले आलते ना बाप्पा तुम्ही?